नवरा काटेकोर आहे की त्याला आजार आहे?

पत्र, थोडं छोटं करून: "माझं वय ३४, नवरा ३८. तो चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला आहे, आम्ही चिंचवडला राहतो. ऑफिसात त्याचं खूप नाव आहे, कस्टमरचं ऑडिट असलं की त्यालाच पुढे करतात. पण घरात जीव नकोसा होतो. भांडी लावायची एकच पद्धत, टॉवेलची घडी घालायची एकच पद्धत, मी केलेलं काम तो परत करतो. दिवेआगरला दोन दिवस गेलो तर तासातासाचं टाइमटेबल, जेवायला उशीर झाला म्हणून उरलेला दिवस अबोला. गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला मुलीच्या वहीचं पान अक्षर वाकडं आलं म्हणून फाडलं आणि परत लिहायला लावलं, ती आठ वर्षांची आहे, रडत रडत लिहीत होती. मी रील्स बघून एक ऑनलाइन टेस्ट त्याच्या वतीने भरली, त्यात ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह पर्सनॅलिटी डिसऑर्डर असं आलं. त्याला दाखवलं तर म्हणाला तुलाच बॉर्डरलाइन आहे, सारखी रडतेस नाहीतर चिडतेस. सासूबाई म्हणतात तो लहानपणापासूनच शिस्तीचा, स्वभावाला औषध नसतं. माझे बाबा गेले त्याला दीड वर्ष झालं, तेव्हापासून मला नीट झोप नाही. हा स्वभाव आहे की आजार? आणि नक्की कोणाला?"

ताई, आधी वहीच्या पानाबद्दल बोलते, बाकीचं सगळं नंतर. रात्री साडेदहाला आठ वर्षांच्या मुलीला रडत रडत लिहायला लावणं थांबलं पाहिजे, आणि ते थांबवायला कुठल्या डॉक्टरच्या निदानाची वाट बघायची काही गरज नाहीये. उद्या निदान आलं तरी ते चूक आणि नाही आलं तरी चूकच. दोघं शांत असाल तेव्हा, भांडणाच्या मध्ये नाही, एवढं एकच ठरवून घ्या की नऊनंतर वही बंद आणि अक्षर कसं आहे ते शाळेतल्या बाई बघतील. मिस्टर तयार झाले नाहीत तरी त्या वेळेला तुम्ही मुलीला उठवून झोपायला घेऊन जा, तेवढा हक्क तुम्हाला आहे. आणि तिला सांगा की पान फाडलं त्यात तुझी चूक नव्हती. मोठ्यांना वाटतं मुलं विसरतात, पण या वयाची मुलं असल्या प्रसंगातून "मी कधीच बरोबर करत नाही" एवढंच घेऊन उठतात.

आता तुमचा प्रश्न. तुम्ही दोन कप्पे करून विचारताय, एकीकडे स्वभाव आणि दुसरीकडे आजार, आणि मिस्टर कुठल्या कप्प्यात ते मी सांगायचं. मी न भेटलेल्या माणसाचं निदान करणार नाही, ते करणं बरोबरही नाही, पण हे कप्पे असे सुटे नाहीत हे मात्र नक्की सांगू शकते आणि ते कळलं की तुमचा अर्धा गोंधळ कमी होईल असं मला मनापासून वाटतं.

स्वभावाचा अभ्यास करणाऱ्यांनी सुरुवात कुठून केली माहितीये का, डिक्शनरीपासून. १९३६ मध्ये ऑलपोर्ट आणि ओडबर्ट या दोघांनी इंग्रजी शब्दकोशातून माणसाचं वर्णन करणारे जवळपास १८ हजार शब्द काढले, आणि पुढे पन्नासेक वर्षं बऱ्याच लोकांनी ते चाळून चाळून शेवटी पाच मोठ्या गुणांवर आणले: चटकन अस्वस्थ होण्याचा कल, बहिर्मुखता, नवं स्वीकारायची तयारी, इतरांशी जुळवून घेणं आणि कर्तव्यदक्षता. हे पाचही प्रत्येकात असतात, तुमच्यात, माझ्यात, सासूबाईंमध्ये, फक्त प्रमाण वेगळं. कोणात कर्तव्यदक्षता इतकी की बाहेर पडताना गॅस, नळ, कडी तीनतीनदा बघणार, कोणाला लाइट बिलाची तारीख कधीच आठवत नाही, आणि बहुतेक माणसं मध्ये कुठेतरी. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून दिसतं की माणसामाणसातला हा फरक साधारण ४० ते ५० टक्के आनुवंशिकतेमुळे पडतो, त्यामुळे सासूबाई "लहानपणापासूनच असा" म्हणतात त्यात तथ्य असणार.

आणि व्यक्तिमत्त्व विकार, म्हणजे तुमच्या टेस्टमध्ये आलेली पर्सनॅलिटी डिसऑर्डर, हे या गुणांच्या बाहेरचं काही परकं आत शिरलंय असं नसतं, त्याच गुणांचं टोकाचं आणि ताठर झालेलं रूप असतं. रक्तदाबासारखं समजा, बीपी प्रत्येकाला असतंच, ते चढत चढत जातं आणि अमुक आकड्याच्या वर गेलं की आजार म्हणायचं हे डॉक्टरांनी ठरवलेलं असतं, निसर्गाने तिथे रेघ मारलेली नसते. पण त्या रेघेचा उपयोग असतो, कारण कोणाला उपचार द्यायचे ते ठरवावं लागतं.

पण नुसतं टोकाला असणं म्हणजे विकार नाही, आणि रील्समध्ये नेमकं हेच कोणी सांगत नाही. जर्मनीचे कुर्ट श्नायडर नावाचे मनोविकारतज्ज्ञ होते, त्यांनी १९२३ मध्येच मांडून ठेवलंय की सरासरीपेक्षा वेगळा स्वभाव असणं ही एक गोष्ट आणि त्या वेगळेपणापायी माणसाला स्वतःला किंवा आजूबाजूच्यांना सोसावं लागणं ही दुसरी, आणि डॉक्टरने लक्ष घालायचं ते दुसऱ्या ठिकाणी. शंभर वर्षं झाली, आजही मला याहून नीट कोणी सांगितलेलं दिसत नाही. अतिशय काटेकोर असून आनंदात जगणारी, घरच्यांना हवीहवीशी वाटणारी माणसं भरपूर असतात. तुमच्या मिस्टरांच्याच लाइनमध्ये बघा, ब्रेकचा पार्ट तपासणारा माणूस काटेकोर नसेल तर रस्त्यावर लोकं मरतील, तिथे हाच गुण लाखमोलाचा आहे.

मधल्या काळात काय झालं की १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने त्यांच्या निदानाच्या पुस्तकात, डीएसएमच्या तिसऱ्या आवृत्तीत, व्यक्तिमत्त्व विकारांचे वेगवेगळे प्रकार करून प्रत्येकापुढे लक्षणांची यादी दिली. तुम्ही भरलेली टेस्ट त्याच पद्धतीतून आलेली आहे. आजच्या आवृत्तीत असे दहा प्रकार आहेत. तुमच्या टेस्टमध्ये जो आला त्याची आठ लक्षणं आहेत, बारीकसारीक तपशील आणि नियमांतच अडकणं, परफेक्शनपायी काम पूर्णच न होणं, कामापुढे मित्र-विरंगुळा काही न उरणं, नीतीच्या बाबतीत अति कडक असणं, जुन्या निरुपयोगी वस्तू टाकवत नसणं, दुसऱ्याकडे काम सोपवता न येणं, पैसा हात आखडून वापरणं आणि हट्टी ताठरपणा. यातली किमान चार असली तर निदानाचा विचार होतो. मग तीन असलेल्याला काहीच नाही आणि चार असलेल्याला विकार? बॉर्डरलाइनचं, म्हणजे भावना आणि नाती सारखी टोकाला हेलकावत राहतात त्या विकाराचं, तर याहून वाईट, नऊपैकी पाच लक्षणं लागतात, म्हणजे एकूण २५६ वेगवेगळ्या जुळण्या होऊ शकतात आणि दोन पेशंटमध्ये एकच लक्षण सारखं असं सुद्धा होऊ शकतं, तरी नाव दोघांना तेच. शिवाय एकाच माणसात दोन-तीन विकारांचे निकष बसतात हे डॉक्टरांना रोज दिसत होतं. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीच्या वेळी स्वभावगुणांवर आधारलेली नवी पद्धत सुचवली गेली, पण मुख्य भागात जुनेच दहा प्रकार ठेवले आणि नवी पद्धत पुस्तकाच्या मागच्या विभागात गेली.

जागतिक आरोग्य संघटनेने मात्र धाडस केलं, आणि मला ते फार योग्य वाटतं. त्यांची रोगांची अकरावी यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, त्यात हे जुने प्रकार जवळपास सगळे काढून टाकले. आता डॉक्टरने आधी बघायचं की त्रास किती आहे, सौम्य, मध्यम की तीव्र, आणि मग पाहिजे तर सांगायचं की कुठल्या गुणांचा जोर जास्त आहे. नकारात्मक भावनांकडे ओढा, अलिप्तपणा, दुसऱ्याची पर्वा नसणं, आवेगावर ताबा नसणं आणि पाचवा तो अति काटेकोर, सगळं घट्ट धरून ठेवणारा स्वभाव. बॉर्डरलाइनचं नाव तेवढं ठेवलंय, तेही जास्तीचा शेरा म्हणून. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सौम्य विकाराच्याही खाली त्यांनी एक पायरी ठेवलीये, व्यक्तिमत्त्वाच्या अडचणी म्हणून, जी आजारात धरतच नाहीत. म्हणजे स्वभावामुळे काही नात्यांत, काही प्रसंगांत अडतंय, मदत मिळाली तर बरं होईल, पण हा माणूस आजारी नाही. आपल्याकडे "एकतर नॉर्मल नाहीतर मेंटल" एवढंच लोकांना माहीत असतं, त्यामुळे ही पायरी मला फार मोलाची वाटते, खूप घरं या पायरीवरच उभी असतात.

मग डॉक्टर त्रास किती ते मोजतात कशावरून? स्वतःशी आणि दुसऱ्यांशी माणसाचं नातं कसं आहे त्यावरून. तुमच्या घरात त्याचा अर्थ असा की टॉवेलच्या घड्या मोजत बसू नका, वेगळ्या गोष्टी बघा. काम मनासारखं नाही झालं तर मिस्टर स्वतःला किती कोसतात, एका चुकीवरून रात्ररात्र जागतात का? मुलगी रडत होती तेव्हा ती रडतेय हे त्यांना दिसत होतं का, नंतर वाईट वाटलं का, आणि वाटलं तर त्यांना ते बोलता आलं का? तुम्ही वेगळ्या पद्धतीने भांडी लावलीत तर त्यांना नुसतं खटकतं की तुम्ही मुद्दाम अपमान केलात असं वाटतं? आणि मला सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे, की हा काटेकोरपणा त्यांना पाहिजे तेव्हा खाली ठेवता येतो का. ऑडिटला कडक असणारा माणूस दिवेआगरला वाळूत लोळू शकत असेल तर तो गुण त्याच्या ताब्यात आहे. तिथेही घड्याळ सुटत नसेल, जेवण अर्धा तास उशिरा आलं म्हणून उरलेला दिवस गेला असेल, आणि हे घरी, नोकरीत, मित्रांत, नातेवाइकांत सगळीकडे वर्षानुवर्षं चालू असेल तर तो गुणाच्या ताब्यात आहे, आणि तेव्हा तज्ज्ञाकडे जाणं शहाणपणाचं. नव्या यादीत हा त्रास साधारण दोन वर्षं किंवा जास्त टिकलेला असावा असं धरतात, म्हणजे एखाद्या वाईट महिन्यावरून ठरवायचं नसतं. तुम्ही एका ट्रिपचं आणि एका रात्रीचं लिहिलंत, बाकीचं मला माहीत नाही, तेव्हा इथे थांबते.

टेस्टबद्दल, तुम्ही रागात असताना दुसऱ्याच्या वतीने भरलेली टेस्ट निदान म्हणून शून्य किमतीची आहे. पण तुमचं निरीक्षण शून्य किमतीचं नाही हो, ते अजिबात मनात आणू नका. व्यक्तिमत्त्वाची तपासणी करताना चांगला तज्ज्ञ घरच्यांशी आवर्जून बोलतो, कारण आपल्या स्वभावाचा दुसऱ्याला होणारा त्रास बऱ्याचदा आपल्याला स्वतःला दिसतच नसतो. आणि ओसीडी, म्हणजे नुसती ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर, ती वेगळी बरं का, नावं सारखी आहेत म्हणून लोकं घोळ करतात. ओसीडीमध्ये हात परत परत धुणाऱ्याला बहुतेक वेळा कळत असतं की हे अति होतंय आणि त्याला ते नको असतं. तुमच्या टेस्टमध्ये आलेल्या विकारात माणसाला वाटतं मीच बरोबर आणि जग गबाळं, म्हणून तो स्वतःहून उपचाराला सहसा येत नाही.

आता तुमच्याबद्दल, कारण पत्रात तुम्ही स्वतःला अगदी शेवटच्या दोन ओळींत ठेवलंय आणि मला ते टोचलं. मिस्टरांनी बॉर्डरलाइन म्हटलं आणि तुम्ही घाबरलात. व्यक्तिमत्त्व विकार किशोरवयात किंवा विशीच्या सुरुवातीला दिसायला लागतो आणि पुढे सगळीकडे दिसत राहतो. तुमची झोप गेली दीड वर्षापूर्वी, बाबा गेले तेव्हा. त्याआधी तुम्ही अशा नव्हता असं असेल तर हा तुमचा स्वभाव बदललेला नाहीये, हे दुःख आहे, आणि ते लांबलंय, कदाचित त्यातून डिप्रेशन आलं असेल, कदाचित थायरॉइडसारखं काही शारीरिक कारण असेल, हे तपासून घ्यायला पाहिजे आणि ते बरं होण्यासारखं असतं. तुम्ही जन्मापासून थोड्या हळव्या असालही, तो सुद्धा एक गुणच, पण बाबा गेल्यावर रडणाऱ्या बाईला विकाराचं नाव चिकटवणं हा अन्याय आहे. तुमची अपॉइंटमेंट मिस्टरांच्या आधी घ्या. दीड वर्ष न झोपता कुठलाच संसार सांभाळता येत नाही.

आणि बॉर्डरलाइन म्हणजे शिवी नव्हे, हेही दोघांनी लक्षात घ्या. ज्यांना खरंच तो त्रास असतो ती माणसं फार सोसतात. अमेरिकेत मेरी झानारिनी यांनी १९९२ पासून अशा २९० पेशंटचा माग ठेवला, दहा वर्षांत त्यातल्या ९३ टक्के लोकांची लक्षणं कमीत कमी सलग दोन वर्षं तरी निदानाच्या रेघेखाली गेलेली होती. नोकरी आणि नाती धरून पूर्ण सावरलेले मात्र निम्मेच, म्हणजे सोपं नाही, पण "आता हे जन्मभराचं" हे खोटं आहे. या त्रासावरची सगळ्यात नावाजलेली उपचारपद्धत काढणाऱ्या मार्शा लिनेहान यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितलं की तरुणपणी त्या स्वतः याच अवस्थेत हॉस्पिटलमध्ये होत्या. असा शब्द कोणी भांडणात दगड म्हणून फेकू नये, त्यांनी तुमच्यावर नाही आणि तुम्हीही त्यांच्यावर नाही.

सासूबाईंचं "स्वभावाला औषध नसतं" हे गोळीपुरतं खरं आहे, स्वभाव बदलणारी गोळी नाही, सोबत डिप्रेशन किंवा चिंता असेल तर त्याला गोळ्या असतात. पण स्वभाव बदलतच नाही हे मात्र खरं नाही. वय वाढतं तशी बहुतेक माणसं जरा शांत होतात, आणि २०१७ मध्ये २०७ अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा दिसलं की उपचारांनी, सरासरी २४ आठवड्यांत, स्वभावगुणांमध्ये मोजता येईल असा बदल होतो, सगळ्यात जास्त तो चटकन अस्वस्थ होण्याच्या गुणात. मिस्टर काही एकदम पसारा करणारे होणार नाहीत आणि व्हायची गरजही नाही. पकड सैल झाली तरी घरात खूप फरक पडतो.

आता त्यांना तयार कसं करायचं. "तुला डिसऑर्डर आहे, चल" असं म्हणून आजपर्यंत कोणी गेलेलं मी बघितलं नाही. त्यांना स्वतःला काय दुखतंय तिथून धरा. ॲसिडिटी, झोप, डोकं दुखणं, टीममधली पोरं टिकत नाहीत, सगळी कामं मलाच करावी लागतात ही तक्रार, यातलं काहीतरी ते नक्की बोलत असतील. तिथून सांगा की यावर कोणाशी तरी बोलूया, मलाही झोपेसाठी जायचंय, दोघं जाऊ. घरात बोलताना पूर्ण माणसावर बोलू नका, एका प्रसंगावर बोला. "तू असाच आहेस" म्हटलं की ते स्वतःची बाजू लढवणार, त्यापेक्षा "काल मी घडी घातलेले कपडे तू परत घातलेस तेव्हा मला वाटलं माझ्या हाताला किंमत नाही" एवढंच. आणि घरातल्या काही गोष्टी वाटून घ्या, कपाट त्यांच्या पद्धतीने, स्वयंपाकघर तुमच्या पद्धतीने, आणि एकमेकांच्या हद्दीत दुरुस्ती करायची नाही. पहिले काही दिवस त्यांना खरंच अस्वस्थ होईल, ते नाटक नसतं, ती अस्वस्थता थोडी थोडी सोसायला शिकणं हाच तर उपचाराचा मोठा भाग असतो. पण मारहाण, धमक्या, पैसे अडवून धरणं असलं काही तुम्ही पत्रात लिहायचं टाळलं असेल तर हे समजुतीचे सल्ले बाजूला ठेवा आणि आधी माहेरच्यांना किंवा विश्वासातल्या कोणाला तरी सांगा, तिथे स्वभाव समजून घेत बसायचं नसतं.

कोणाकडे जायचं तर एमडी किंवा डीपीएम केलेले सायकिॲट्रिस्ट, किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, ज्यांची रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे नोंदणी आहे, ती नोंदणी विचारायला संकोच करू नका. इन्स्टावर सर्टिफिकेट कोर्स केलेले कोच या कामाला नकोत. सुरुवातीला नुसतं फोनवर बोलायचं असेल तर सरकारची टेलिमानस लाइन आहे, १४४१६, फुकट आहे, चोवीस तास चालू असते आणि मराठीत बोलता येतं. घरात निदानाची भीती असेल तर हेही सांगा की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार निदान हे मान्यताप्राप्त वैद्यकीय निकषांवरच करायचं असतं, कोणी समाजाच्या रीतीभातीत बसत नाही एवढ्यावरून कोणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही.

पहिल्या वेळी जाताना टेस्टचा स्क्रीनशॉट घरी ठेवा. त्याऐवजी गेल्या काही महिन्यांतले चार-पाच प्रसंग लिहून न्या, काय झालं, कोण काय बोललं, नंतर किती वेळ घरात ताण राहिला. त्यात बरे प्रसंगही लिहा, जिथे त्यांच्या याच काटेकोरपणाने तुम्हाला आधार दिला असेल, बाबांच्या आजारपणात फाइली, औषधं, इन्शुरन्स कोणी सांभाळलं ते वगैरे. आणि तुमच्या झोपेसाठी या आठवड्यातच फॅमिली डॉक्टरकडे जाऊन थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या, रिपोर्ट आले की मला परत लिहा.